लंडनच्या कपाटातील पंढरी



श्रीधरस्वामी नाझरेकरांचे 'पांडुरंग माहात्म्य' आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात असेल. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' लिहिणारे हेच ते श्रीधर. पंढरपुरात राहून त्यांनी हे मोठे ग्रंथ सिद्ध केले आणि गावोगावच्या ओट्यांवर, माजघरांत, चातुर्मासातल्या दुपारी ते वाचले गेले. बायाबापड्यांना महाभारत माहीत झाले ते बव्हंशी यांच्याच ओवीतून. आता हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल की 1965 साली याच 'पांडुरंग माहात्म्या'वर वीसेक पानांचा एक इंग्रजी लेख प्रसिद्ध झाला, आणि तो झाला लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य व आफ्रिकी विद्यासंस्थेच्या संशोधनपत्रात. लेखक इयन रेसाइड, त्या संस्थेत मराठी शिकवणारे इंग्रज प्राध्यापक.

आपल्या मासिकात परीक्षण येते ते बहुधा नव्या गाथेचे, एखाद्या महाराजांच्या प्रवचनसंग्रहाचे. आज मी परीक्षण करणार आहे ते एका परदेशी नियतकालिकाचे. त्याचे सर्व खंड काही मी वाचलेले नाहीत, आणि त्याची गरजही नाही. अरबी, चिनी, आफ्रिकेतल्या भाषा, इराणी शिलालेख असा त्याचा विस्तार आहे; त्यात आपल्याकडे वळणारी वाट पाऊलवाटेएवढी अरुंद. पण ती वाट आहे, आणि तिच्यावरून चालून पाहण्याजोगे आहे.

प्रथम या पत्राचा जन्म पाहू. 1916 साली इंग्लंडच्या राजाच्या सनदेने लंडनमध्ये 'स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज' स्थापन झाले. फेब्रुवारी 1917 मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले. पहिले संचालक एडवर्ड डेनिसन रॉस. त्याच 1917 साली संस्थेचे 'बुलेटिन' निघाले. पहिले महायुद्ध चालू होते, कागदाची आणि माणसांची दोन्हींची चणचण होती, तरी पत्र निघाले. पुढे 1938 मध्ये संस्थेच्या नावात आफ्रिका आली आणि दहाव्या खंडापासून पत्राच्या नावातही ती आली. आज हे पत्र केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यातून निघते.

येथे शंका येईल ती मीच मांडतो. ही संस्था काढली कशासाठी? विद्येच्या प्रेमासाठीच काय? नाही. पूर्वेकडे राज्य करायला, व्यापार करायला, धर्मप्रसार करायला जाणाऱ्या गोऱ्या माणसांना तिकडच्या भाषा याव्यात, हा उघड हेतू होता. ज्याच्यावर राज्य करायचे त्याची बोली समजली पाहिजे, एवढा साधा हिशेब. मग अशा पत्रात माउलींच्या ग्रंथावर लेख आला तर त्याला हात लावावा का? काहीजण म्हणतील, लावू नये. मला ते पटत नाही. विहीर कोणी आणि का खणली हे माहीत असावे, पण पाणी कसे आहे ते चाखूनच ठरवावे. आणि पाणी चाखायचे म्हणजे लेख वाचायचा.

तर आता लेखांकडे.

या पत्राच्या चौथ्या खंडात, म्हणजे 1926 ते 1928 च्या दरम्यान, डब्ल्यू. डोडरेट यांनी 'ज्ञानेश्वरीचे व्याकरण' असा विषय घेतला. शीर्षक वाचूनच काही वारकऱ्यांच्या कपाळावर आठी पडेल. ज्या ग्रंथाला आपण डोक्यावर घेतो, ज्याची पालखी निघते, त्याचे विभक्तिप्रत्यय मोजायचे? नामे किती प्रकारची, क्रियापदे कशी चालतात, याची कोष्टके करायची?

वाचकहो, येथे जरा थांबू या, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला मुख्य प्रश्न इथेच आहे.

आपण पारायण करतो. वाणी शुद्ध असते, भाव असतो, पण शब्द सातशे वर्षांपूर्वीचा असतो. 'आथि' आला की आपण सुरात पुढे जातो. 'आथि' म्हणजे 'आहे', संस्कृत 'अस्ति'चा नातू, हे किती जणांना ठाऊक असते? 'आन' आला की कोणी त्याची 'आण', म्हणजे शपथ करतो. मुळात तो 'अन्य', दुसरा. 'परी' कधी 'परंतु' असतो आणि कधी 'प्रकार'. 'कीजे', 'बोलिजे' ही रूपे आज्ञेसारखी वाटतात. आज्ञेची छटा त्यांना काही ठिकाणी येतेही, पण मुळात ती कर्मणी आहेत, 'केले जाते', 'बोलले जाते'. जेथे माउली 'असे केले जाते' म्हणून जगाची रीत सांगतात, तेथे कीर्तनकार 'असे करा' म्हणून आज्ञा काढतो आणि वर चार दृष्टांत देतो. दृष्टांत गोड असतात. पण ओवी काय म्हणाली ते बाजूला राहते. म्हणून व्याकरण हे भक्तीला परके आहे असे मी मानत नाही. आईचे पत्र आले तर आपण अक्षर न् अक्षर लावून वाचतो, कोठे काना पुसट असला तरी कंदिलाशी धरून पाहतो. ते प्रेमच असते.

तरी डोडरेट यांच्या कामाला आपल्याकडून दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला असा, की हे काम तेथे प्रथम झाले काय? नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरणही लिहिले, ते 1909 च्या सुमारास, धुळ्यात. लंडनच्या लेखाच्या सुमारे दीड तप आधी. राजवाड्यांची कित्येक मते पुढे पंडितांनी खोडली, त्यांच्या पोथीबद्दलही वाद झाले. पण ज्ञानेश्वरीची भाषा शास्त्र म्हणून पाहावी ही दृष्टी साहेबाने आपल्याला दिली असे जे सहज बोलले जाते, ते खरे नाही.

आणि राजवाड्यांच्याही आधी? शके 1506. नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवल्या, अपपाठ काढले, ग्रंथ शुद्ध केला, आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असे बजावले. पाठ जुळवणे, चुकीचा पाठ ओळखणे, संपादकाने स्वतःची भर न घालणे, या तिन्ही गोष्टी आज विद्यापीठात संशोधनपद्धती म्हणून शिकवतात. नाथबाबांनी त्या समाधीच्या आज्ञेने केल्या. वारकरी संप्रदायाला पाठचिकित्सेचे वावडे आहे असे जे म्हणतात त्यांनी पैठणचा हा इतिहास विसरू नये. आणि वारकऱ्यांनीही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. व्याकरणकाराला ओवी डोळ्यांनी दिसते. ती कानाला कशी लागते हे त्याच्या कोष्टकात बसत नाही. साडेतीन चरणांची ओवी म्हणताना शेवटचा आखूड चरण जो थांबा देतो, त्या थांब्यात अर्थाचा एक भाग असतो. शब्द ओढला जातो, अन्त्याक्षर लांबते, प्रासासाठी रूप वाकते. यातली काही रूपे बोलीची आहेत की गळ्याची, हे ठरवायला पारायण ऐकलेले असावे लागते. विद्यापीठाच्या पत्रांत मराठीच्या जुन्या भाषेवर जे काही आले त्यात ही उणीव मला सर्वत्र जाणवते. तो दोष एका माणसाचा नाही. छापील कागदावर सूर उतरत नाही म्हणून सुराचा विचारच सोडून दिला गेला.

पुढचा टप्पा 1957 चा. विसावा खंड. संस्थेचे संचालक सर राल्फ टर्नर त्या वर्षी निवृत्त झाले, आणि त्यांच्या सन्मानार्थ हा सगळा खंड अर्पण केला होता. टर्नर हे आपल्याकडच्या आर्यभाषांचा थोरला तौलनिक कोश करणारे पंडित. त्यांच्या कोशात आपले मराठी शब्द हिंदी, गुजराती, नेपाळी भावंडांसह पंगतीला बसले आहेत. त्या सन्मानखंडात आल्फ्रेड मास्टर यांनी लेख दिला तो मराठी शिलालेखांवर, इ.स. 1060 ते 1300 या काळातल्या. 1060 हे वर्ष दिवेआगरच्या ताम्रपटाचे. मास्टर हे पूर्वी मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते. नंतर भाषेच्या मागे लागले आणि 1964 मध्ये त्यांनी जुन्या मराठीचे व्याकरणच ग्रंथरूपाने काढले. लंडनच्या गुरुपूजेला कोकणातला आणि देशावरचा दगड वाहिला गेला, असे म्हणायला हरकत नाही. सहा वर्षांनी, 1963 मध्ये, शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा मोठा ग्रंथ पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला आणि या विषयाची गादी पुन्हा आपल्याकडे आली.

शिलालेखांचा विषय निघाला की वारकऱ्याच्या मनात एकच दगड येतो. विठ्ठलमंदिरातला चौऱ्यांशीचा लेख. शके 1195 ते 1199 मधला, यादवांच्या काळातला. माउलींचा जन्मशक 1197 धरला तर हा लेख कोरला जात होता तेव्हा माउली तान्हे होते. त्यात मंदिरासाठी दान देणाऱ्यांची नावे आहेत, रामदेवराव यादवांचे नाव आहे. आणि आपण त्याचे काय केले? चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून त्याला पाठ घासली. पिढ्यान्‌पिढ्या घासली. अक्षरे झिजली.

मी त्या पाठी घासणाऱ्यांना हसणार नाही. शेकडो कोस चालून आलेल्या माणसाला दगडावर काय लिहिले आहे हे कोणी वाचून दाखवले होते? त्याला एवढेच ठाऊक होते की हा देवाच्या दारातला दगड आहे. ग. ह. खऱ्यांसारखे संशोधक आले, त्यांनी लेख वाचले, 'श्रीविठ्ठल आणि पंढरपूर' लिहिले. पण त्यांचे वाचन आणि आपली पाठ यांची भेट फारशी झाली नाही. विद्वान ठसे घेऊन गेले आणि भाविक दर्शन घेऊन. त्या दगडावर ज्यांची नावे आहेत त्यांत राजेरजवाड्यांबरोबर साधे दातेही आहेत. आजच्या दिंडीत अन्नदान करणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहितात ना? तीच रीत. हे कळले असते तर वारकरी त्या दगडाला पाठ लावण्याऐवजी माथा टेकवता, आणि पुढच्याला म्हणाला असता, 'माउली, जपून, आपलीच मंडळी आहेत.'

आता पुन्हा रेसाइड यांच्याकडे येऊ. त्यांनी मराठी कथांची भाषांतरे केली, पेंडशांचा 'गारंबीचा बापू' इंग्रजीत नेला. म्हणजे हा माणूस केवळ प्रत्यय मोजणारा नव्हता. 1965 च्या लेखासाठी त्यांनी श्रीधरांची पोथी निवडली, ही निवड मला महत्त्वाची वाटते. पंढरीची माहात्म्ये संस्कृतात आहेत, स्कंद आणि पद्म पुराणांच्या नावाने चालत आलेली. पंडिताला संस्कृताचा ओढा असतो. जुने तेवढे खरे, प्राकृत म्हणजे त्याची सावली, अशी त्याची समजूत असते. रेसाइड यांनी लोक जी पोथी वाचतात ती हाती घेतली आणि तिची कथा इंग्रजी वाचकापुढे मांडली. पुंडलिक, रुसून दिंडीरवनात आलेली रुक्मिणी, भीमेचे वळण, हे सारे त्या गंभीर पत्राच्या पानांवर चिनी व्याकरण आणि अरबी हस्तलिखिते यांच्या शेजारी जाऊन बसले.

मात्र एक गोष्ट तुमच्या ध्यानी आणून द्यावीशी वाटते. याच रेसाइड यांनी याच पत्रात महानुभावांवर अधिक लिहिले आहे. 1960 मध्ये महानुभावांच्या मराठी ग्रंथांची चाळीसहून अधिक पानांची सूची. 1976 मध्ये 'महानुभाव' हा विस्तृत लेख. 1982 मध्ये दत्तात्रेयावर लेख. पुढे त्यांनी महानुभावांच्या 'गद्यराजा'वर पुस्तकही केले. वारकऱ्यांच्या वाट्याला त्या मानाने थोडे आले. असे का व्हावे? संख्येने तर आपण कितीतरी अधिक. पक्षपात म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला त्याचे कारण वेगळे दिसते. महानुभाव बंधूंनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून मठांत जपले, परंपरेच्या याद्या ठेवल्या. कोणी शोधायला आला तर सूची करता येईल असा ऐवज त्यांच्यापाशी होता. आपला ऐवज गळ्यात. अभंग एका फडावर एका चालीत, दुसऱ्यावर दुसऱ्या. पाठही थोडा वेगळा. जो ऐवज चालतो, नाचतो, दर एकादशीला नवा होतो, त्याची सूची लंडनला बसून कोण करणार? पंढरीच्या वाटेवर चालून पाहणारे गाय देलरी यांनी विठोबाच्या उपासनेवर ग्रंथ लिहिला तो 1960 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून निघाला. हा विषय पायांनीच गाठावा लागतो, असे त्यावरून वाटते.

येथपर्यंत लेखांचे झाले. आता ज्या कपाटात ते जपले गेले त्या कपाटाविषयी, म्हणजे दप्तराविषयी, थोडे.

या पत्राचा मला सर्वांत आवडलेला गुण विद्वत्तेचा नाही, शिस्तीचा आहे. 1917 पासून खंडांचे क्रमांक सलग चालू आहेत. नाव बदलले, क्रमांक तुटला नाही. दुसऱ्या महायुद्धात छपाई इतकी मंदावली की अकरावा खंड 1943 पासून 1946 पर्यंत चालला. पण तो अकरावाच राहिला, मध्ये पान हरवले नाही. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. 2020 साली रोगामुळे पायी वारी थांबली, तेव्हा पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. नेम मोडला नाही. तसाच हाही एक नेम. म्हणून आज कोणी 'खंड 28, पृष्ठ 81' एवढे म्हटले की साठ वर्षांनीही ते पान काढता येते, जसे 'अध्याय नववा, अमुक ओवी' म्हटल्यावर श्रोत्याचा हात पोथीत नेमका पडतो. सगळे जुने खंड आता संगणकावर चढवले आहेत आणि मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून ते उघडता येतात.

यात दोष आहे तोही सांगतो. ते कपाट कुलूपबंद आहे. ज्या विद्यापीठाने वर्गणी भरली त्याच्या विद्यार्थ्याला ते उघडते. बाकीच्यांना पैसे मोजावे लागतात किंवा ठराविक लेखांवर समाधान मानावे लागते. ज्ञानोबारायांनी गीता संस्कृताच्या कुलपातून काढली. तिच्यावरच्या व्याकरणलेखाला पुन्हा कुलूप लागावे, आणि तेही परभाषेचे व पैशाचे असे दुहेरी, हे मला खटकते. श्रीधरांच्या पोथीवरचा लेख श्रीधरांच्या वाचकाला वाचता येत नाही. साठ वर्षे झाली, त्याचे साधे मराठी सारही वारकऱ्याच्या हाती पडलेले नाही. हे लंडनचे काम नव्हते. ते आपले होते.

आपले दप्तर कसे आहे? फडांवर जुन्या वह्या असतात, कीर्तनकारांची बाडे असतात, रुमालात बांधलेल्या पोथ्या असतात. म्हातारे महाराज गेले की वह्या माळ्यावर जातात. मग पाऊस, वाळवी आणि रद्दीवाला यांच्यात वाटणी होते. सांप्रदायिक मासिकांची स्थिती याहून फार बरी नाही. अंकावर 'कार्तिकी विशेषांक' एवढेच छापलेले असते, वर्ष नसते. लेखकाच्या जागी 'एक वारकरी'. नम्रता म्हणून ते गोड आहे, पण पन्नास वर्षांनी तो अंक कोणत्या सालचा, हे सांगणार कोण? आपल्या या मासिकासह सर्वांनी वर्ष, अंक, महिना आणि पृष्ठ न चुकता छापावे, आणि प्रत्येक वर्षाची एक बांधीव प्रत दोन वेगळ्या गावी ठेवावी. खर्च फार नाही. एका दिंडीच्या एका मुक्कामाच्या चहाएवढा.

आणि एक काम सुचवतो. आता वारकरी घरांतली मुले-मुली विद्यापीठांत शिकतात. त्या कपाटाची किल्ली त्यांच्या हाती आहे. त्यांपैकी कोणी 1965 चा तो लेख काढून, श्रीधरांची पोथी शेजारी ठेवून, अध्यायाला अध्याय लावून मराठीत सार करावे; जेथे रेसाइड चुकले असतील तेथे चूक दाखवावी, जेथे त्यांना आपल्याहून अधिक दिसले असेल तेथे तसे लिहावे. जो हे अंगावर घेईल त्याला एकच विनंती. आधी पोथीचे एक पारायण मोठ्याने करावे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवत, मग लेख उघडावा. ऐकणारी आजी मध्येच थांबवून म्हणेल, 'हे असं नाही रे, आमच्या फडावर असं म्हणतात.' ते वहीत समासात लिहून ठेवावे, तिच्या गावाच्या नावासह आणि तारखेसह.